जावयाचं पेन

गोदावरीकाठच्या आर्यापुरममध्ये लक्कोजूंचं घर शोधायला पाटी वाचावी लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून नाक वर करायचं. जळका टायर आणि गंधक यांचा मिळून वास आला की समजायचं, त्यांचं काळं दुकान जवळ आलं. पेनासाठी एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, कांड्या लेथवर कातल्या की हा वास सुटतो, आणि त्यांचा काळा भुगा उडून दारावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या वड्यांवर आणि घरातल्या माणसांच्या भुवयांवर बसतो. लक्कोजू कितीही नटूनथटून सिनेमाला गेले तरी मागच्या रांगेतला माणूस म्हणणार, पेनवाले आलेत वाटतं.

ही माणसं मूळची सोनार. जिची ही गोष्ट त्या भ्रमरांबेचे आजोबा अप्पलाचारी बायकांचे कमरपट्टे घडवायचे आणि पोटापुरतं बरं चाललं होतं. एकदा एका वकिलानं होडीतून जाताना आपल्या विलायती पेनाचं टोपण गोदावरीत पाडलं. नदीनं ते काही परत दिलं नाही, तेव्हा वकील अप्पलाचारींकडे आला. त्यांनी टोपण असं काही देखणं केलं की त्याच्यापुढे खालचं पेनच गबाळं दिसायला लागलं. वकील खुशीत गेला. अप्पलाचारींना मात्र चैन पडेना. त्या टोपणाला शोभेल असं पेन कुणीतरी करायला हवं होतं, आणि त्यांच्याशिवाय दुसरं कोण करणार? कमरपट्टे मागे पडले ते पडलेच. आजी मरेपर्यंत शेजारणींना सांगायची, लोकांच्या घरी मातीचं सोनं होतं, आमच्या घरी सोन्याचं रबर झालं.

अप्पलाचारींनी घालून दिलेल्या दोन गोष्टी त्यांच्या मुलानं, सोमाचारींनी, पुढे डोळ्यांत तेल घालून पाळल्या. पहिली म्हणजे गिऱ्हाईक आलं की त्याला आधी कुठल्याही पेनानं चार ओळी लिहायला सांगायचं आणि त्याच्या अक्षराकडे ढुंकूनही न बघता हाताकडे बघायचं. अंगठा कुठे टेकतो, मनगट किती कलतं, जोर कुठे पडतो, ते पाहून त्या हातापुरती निब घासायची. दुसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक म्हणालं पेन चालत नाही, तर ते चालत नाही. वाद घालायचा नाही. याचा अभिमान एवढा की काळ्या दुकानातून गेलेलं पेन कधी परत आलं नाही, हे सोमाचारी लग्नाकार्यात, बारशात, एकदा तर तेराव्यालाही सांगत बसले होते.

सोमाचारींना मुलगा एक आणि मुलगी एक. मुलगा विशाखपट्टणमला जहाजं बांधायच्या कारखान्यात लागला. एवढाली जहाजं पाहिल्यावर त्याला पेन फार लहान वाटायला लागलं आणि तो तिकडचाच झाला. त्याच सुमारास सोमाचारींची नजर अधू झाली. लेथचं काम बोटांच्या आठवणीवर चालतं, ते चालू राहिलं. निबेचं काम मात्र भिंगाखालचं. एक दिवस त्यांनी एक निब दोनदा बिघडवली, तेव्हा मुलगी, भ्रमरांबा, स्वयंपाकघरातून हात पुसत आली, त्यांच्या डोळ्यावरचं भिंग काढून आपल्या डोळ्याला लावलं आणि बसली. लहानपणापासून ती तिथेच लुडबुडत असे, त्यामुळे शिकवावं फार लागलं नाही. घरात तिला भ्रमरा म्हणायचे. त्या दिवसापासून काळ्या दुकानातली प्रत्येक निब भ्रमराच्या हातची झाली. ती वेताच्या पडद्याआड बसायची, फटीतून गिऱ्हाइकाचा हात न्याहाळायची, आणि सोमाचारी पेन आत नेऊन बाहेर आणून द्यायचे. निब कुणी घासली, हे ते सांगत नसत. कुणी विचारत नसे, म्हणून खोटंही बोलावं लागत नसे.

मग तिला स्थळ आलं. मुलगा पट्टाभी, धवळेश्वरमच्या पाटबंधारे कचेरीत कालव्यांचे नकाशे काढायचा. वडील नव्हते, आई कामेश्वरम्मा एकटी आणि करारी. आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा मुलीला गायला लावतात. लक्कोजूंकडे उलटं. तिथे येणाऱ्या जावयाला लिहायला लावतात, कारण या घरचा जावई झाला की त्याला त्याच्या हाताचं पेन मिळतं. पट्टाभी लिहायला बसला. मांडीवर डावा हात, त्याच्यावर घडी घातलेला रुमाल, आणि उजव्या हातानं त्यानं चार ओळी अशा काही सावकाश काढल्या की प्रत्येक अक्षर जणू विहिरीतून शेंदून वर आणतोय.

पाहुणे गेल्यावर आदिलक्ष्मीनं लेकीला हळूच विचारलं, "कसा वाटला गं मुलगा?"

"अंगठा निबेच्या फार जवळ धरतात," भ्रमरा म्हणाली. "आणि दाबून लिहितात."

"अगं, दिसायला कसा आहे?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं की तोंडाकडे बघायचं राहूनच गेलं. आदिलक्ष्मीनं कपाळाला हात लावला. सोमाचारी मात्र लेकीवर खूश झाले.

लग्न ठरलं आणि बापलेकीचं पहिल्यांदा भांडण झालं. भ्रमराचं म्हणणं एवढंच होतं की धवळेश्वरम बसनं हाकेच्या अंतरावर आहे, लग्नानंतरही ती रोज येईल आणि भिंग लावून बसेल. सोमाचारींना ते आतून हवं होतं, पण लोकलाजेचं भूत मानगुटीवर. सरकारी नोकराची बायको काळ्या हातांनी माहेरी निबा घासत बसते, असं विहिणीच्या कानावर गेलं तर? दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी सोमाचारींनीच तोड काढली.

"जावयाच्या पेनाची निब तू घास," ते म्हणाले. "ती त्याच्या हाताला बसली, तर मी स्वतः त्याच्या आईशी बोलेन. तुझी जागा तुझी. नाही बसली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल," भ्रमरा म्हणाली. आजवर तिची एकही निब चुकली नव्हती. तिला वाटलं, आपण जिंकलोच.

तिनं जीव ओतून निब केली. हळू लिहिणारा, दाबून लिहिणारा, कललेला उजवा हात डोळ्यांसमोर आणून टोक थोडं रुंद ठेवलं, चीर घट्ट ठेवली. सोमाचारींनी पेन कातलं गडद हिरव्या एबोनाइटचं, मध्ये काळ्या लाटा. लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड उतरलं तेव्हा जानवसघरी नेऊन त्यांनी ते जावयाच्या हाती ठेवलं. पट्टाभीचा चेहरा असा उजळला की सोमाचारी परत येऊन बायकोला म्हणाले, या मुलाला बायकोपेक्षा पेनाचीच हौस जास्त दिसते. ते खरंच होतं. काळ्या दुकानाचं पेन असावं हे त्याचं शाळेपासूनचं स्वप्न, आणि स्थळाला त्यानं चटकन होकार दिला त्यात पेनाचाही वाटा होता.

लग्न लागलं. दुकानासमोरच्या मांडवात पंगती उठल्या, चिंचेचा पुलिहोरा भात संपला, कागदासारख्या पातळ, गोड पूतरेकुलूंवर लहानथोर तुटून पडले, आणि मग सगळ्यांच्या आवडीचा कार्यक्रम आला, रुसव्याच्या बाजेचा. नवऱ्या मुलानं बाजेवर तोंड फिरवून रुसून बसायचं, सासरच्यांनी मिनतवाऱ्या करायच्या, आणि मनासारखं काही कबूल झाल्याशिवाय त्यानं हसायचं नाही. कुणी घड्याळ मागतं, कुणी सायकल. एका बहाद्दरानं म्हैस मागितली होती, तीही व्यालेली. पट्टाभी स्कूटर मागणार अशी मांडवात पैज लागली होती. आदिलक्ष्मीनं आपल्या दोन बांगड्या मनातल्या मनात वेगळ्या काढून ठेवल्या होत्या.

पण पट्टाभीला रुसायचं सोंग करावंच लागलं नाही. तो खरोखरच खट्टू दिसत होता. सोमाचारींनी रीतीप्रमाणे हनुवटीला हात लावून विचारलं, जावईबापू, काय हवं? त्यानं काही नको म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून मनातलं निसटलंच.

"मामय्या, हे पेन बदलून मिळेल का? टोचतंय. कागद फाडतंय."

सोमाचारींच्या तोंडचं पाणी पळालं. नवरीच्या वेषात बसलेल्या भ्रमरानं झटकन मान वर केली. सोमाचारींनी कागद मागवला आणि लिहून दाखवा म्हणाले. पट्टाभीनं समोर बसलेल्या आईकडे एकवार पाहिलं, पेन उजव्या हातात घेतलं आणि लिहिलं. पेन लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. लोक खो खो हसायला लागले. कुणी म्हणालं, पेन तर पळतंय, जावईबापूंना स्कूटरच हवीय, लाजतायत बिचारे.

"इथे चालतंय," पट्टाभी लालबुंद होऊन म्हणाला. "खोलीवर चालत नव्हतं."

आता यावर कुणाही शहाण्या सासऱ्यानं हसून वेळ मारून नेली असती. पण सोमाचारी शहाणे नव्हते, पेनवाले होते. गिऱ्हाईक नाही म्हणालं म्हणजे नाही. त्यांनी पेन टोपण लावून बाजूला ठेवलं आणि लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. फार वाईट वाटलं होतं त्यांना, आणि करार मोडता येत नव्हता.

भ्रमराला ते पाहणं जिव्हारी लागलं. आपण चुकलो कुठे, हे तिला समजेना. म्हणून तिनं तेच केलं जे ती पडद्याआडून नेहमी करायची. नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. यावेळी दोन्ही हातांकडे. उजवा स्वच्छ होता. डाव्याच्या करंगळीखालच्या कडेला, हळदीच्या पिवळ्या रंगातूनही, शाईचा जुना निळा पट्टा दिसत होता. डाव्या हातानं लिहिणाऱ्याचा तळवा स्वतःच्याच ओल्या अक्षरांवरून घासत जातो. तो रंग वर्षानुवर्षांत मुरतो, साबणानं जात नाही. आपल्याला बघायच्या दिवशी दाखवला तो याचा हातच नव्हता, हे तिला तत्क्षणी कळलं. मांडीवर रुमाल का होता तेही कळलं.

एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. निब चुकली नाही, यांनी हात चुकीचा दाखवला, एवढंच. पण समोर कामेश्वरम्मा बसली होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. मुलाचा डावेपणा झाकायला ती माउली काय काय करून बसली असेल, हे त्या मुठीवरून दिसत होतं. मंगळसूत्र बांधलेल्या हाताबद्दल भर मांडवात अशी गोष्ट निघाली असती, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनी शुभाशुभाचा काथ्याकूट करून लग्नाची रया घालवली असती. भ्रमरानं मनाशी ठरवलं. फार जड गेलं तिला ते, पण ठरवलं.

"चूक माझ्या हातची आहे, नान्ना," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "ही निब मी घासली होती. मला थोडा वेळ द्या."

एवढ्या वर्षांचा पडदा असा तिनंच बाजूला केला. मांडवातली निम्मी माणसं तिच्या निबेनं लिहीत होती, ती तोंडात बोट घालून बघत राहिली. भ्रमरा जरीची साडी सावरत दुकानात गेली, बाशिंग काढून लेथच्या दांड्याला अडकवलं, भिंग लावलं आणि बसली. उजवा हात पेन ओढत नेतो, डावा ढकलत नेतो. ढकललं की टोकाचा कोपरा कागदात रुततो. तिनं तो कोपरा गोल केला, चीर अंमळ सैल केली, सगळा उतार उलट्या बाजूला दिला. हाताला सवय नव्हती, अंदाजानंच सगळं. बाहेर सनईवाल्यानं वेळ भरून काढायला एक सिनेमाचं गाणं धरलं होतं आणि ते त्याला येत नव्हतं.

ती पेन घेऊन आली तेव्हा सोमाचारींनी सवयीनं आधी स्वतः लिहून पाहिलं. कर्र झालं. दुसऱ्यांदा लिहिलं, पुन्हा कर्र.

"बिघडवलीस की गं पार," ते हताश होऊन म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही केली," भ्रमरा म्हणाली. "त्यांच्याकडे द्या."

पट्टाभीनं पेन हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन निबेचं टोक पाहिलं. नकाशे काढणारा माणूस, उतार कुठल्या बाजूला आहे हे त्याला समजलं. त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. आता उजव्या हातानं लिहिलं तर पेन सगळ्यांसमोर टोचणार होतं आणि ही मुलगी तोंडावर पडणार होती. ती तर ते पत्करून उभी होती. पट्टाभीनं आईकडे पाहिलं. कामेश्वरम्मानं नाही म्हणून मान हलवली, इतकी बारीक की दोघांनाच दिसावी.

त्यानं पेन डाव्या हातात घेतलं आणि लिहायला लागला.

सावकाश काढलेली ती जड अक्षरं कुठल्या कुठे गेली. हात कागदावरून असा धावला की बघणाऱ्याला गंमत वाटावी. आवाज नाही, अडणं नाही. मागून एक आजोबा पुटपुटलेच, अरे हा तर डावखुरा, शुभकार्यात हे काय. दुसरा काहीतरी जोडणार एवढ्यात सोमाचारी मोठ्यानं बोलले.

"गप्प बसा हो. हात बघा की आधी! केवढा हलका हात आहे!" आणि मग कामेश्वरम्मांकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या मुलाला आमचं पेन बसलं. आता माझी एक विनंती आहे."

विनंती अशा वेळी नाकारता येत नाही, म्हणून कामेश्वरम्मानं ती मान्य केली. पण विहीण रुसली ती रुसलीच, आणि तिला कुणी बाज घातली नाही.

भ्रमरा रोज सकाळी धवळेश्वरमहून बसनं यायला लागली. पडदा सोमाचारींनी स्वतः काढून टाकला. बॉलपेनं आली, आजूबाजूची पेनवाली दुकानं बसली, एकानं तिथे पंक्चर काढायला सुरुवात केली. काळं दुकान टिकलं, कारण पट्टाभीची गोष्ट कचेरीतून कचेरीत फिरली आणि कुठून कुठून डावखुरी माणसं येऊ लागली. काकिनाड्याचा डॉक्टर आला, तुनीचा स्टेशनमास्तर आला, श्रीकाकुळमहून एक हरिदास आला. सगळे आधी उजवा हात पुढे करायचे. भ्रमरा म्हणायची, "तो राहू द्या, खरा दाखवा." मग ते हसायचे, इकडेतिकडे बघायचे आणि डावा काढायचे.

घरी मात्र कामेश्वरम्मा तिच्याशी कामापुरतंच बोलायची. हात धुतल्याशिवाय चुलीपाशी यायचं नाही, भुग्याची साडी वेगळी भिजवायची. छळ नव्हता, मायाही नव्हती. भ्रमराला त्याचं वाईट वाटायचं. भर मांडवात आपण जिंकलो आणि ही बाई आपल्यामुळे हरली, असं तिच्या मनातून जायचं नाही. पट्टाभीला विचारलं तर तो म्हणायचा, आईला वेळ लागतो, मला चालायलाही उशिरा शिकवलंन.

अशाच एका संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारी सोमाचारी आत आडवे झाले होते. दुकानात भ्रमरा एकटीच होती आणि दारात कामेश्वरम्मा येऊन उभी राहिली. बसनं, एकटी, डोक्यावरून पदर घेऊन. भ्रमरा धडपडत उठली, पाट मांडला, पाणी आणायला निघाली. सासूनं हातानंच बस म्हटलं आणि दारापलीकडे गल्लीत कुणी आहे का ते पाहून घेतलं.

"त्याच्यासारखं एक करून दे," ती म्हणाली.

"कुणासाठी, अत्तय्या?"

कामेश्वरम्मानं पदराआडून डावा हात काढला आणि टेबलावर उताणा ठेवला, भाजी विकत घेताना ठेवतात तसा, सहज. बोटांच्या पेरांवर जुने पांढरे वण होते.

"मास्तरांनी रूळ मारून मारून उजवा करायला पाहिला," ती म्हणाली. "झाला नाही. मग आईनं हात कमरेला बांधून शाळेत पाठवलं. मी शाळाच सोडली. आणि पट्टाभीनं पहिल्यांदा पाटी पुढे ओढली तेव्हा, काय सांगू तुला, मी पण त्याचा हात बांधला गं. माझ्या हातानं बांधला. रात्री सोडायचे आणि रडत बसायचे."

भ्रमराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसायला वेळ घालवला नाही. तयार असलेलं एक पेन उचललं, निब बसवली आणि कागद पुढे सरकवला. आधी हात बघायला हवा होता, तो रिवाज होता. "लिहा, अत्तय्या."

कामेश्वरम्मानं पेन धरलं. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी कागदाबाहेर. मग दुसरीच्या वर्गात राहून गेलेली अक्षरं एकेक करून यायला लागली, मोठाली, गोल, एकमेकांना धक्के देणारी. तिनं आपलं नाव लिहिलं. त्याखाली पट्टाभीचं लिहिलं, मग भ्रमराचं, मग मेलेल्या नवऱ्याचं, आणि लिहिताना पदर डोक्यावरून कधी घसरला ते तिला कळलंही नाही. भ्रमरा हाताकडे बघायचं सोडून पहिल्यांदाच माणसाच्या तोंडाकडे बघत बसली होती. कागद भरला तेव्हा तिनं दुसरा दिला.

अक्षरं फिकट होत गेली आणि निब कोरडी पडली. कामेश्वरम्मानं पेन सुनेपुढे धरलं आणि मान वर न करता म्हणाली, "भर."